नवशिक्याच्या हाती कोणती गाडी द्यावी?

बहिणीच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी अठरा पूर्ण झाली. पक्कं लायसन्स हातात पडलं त्याच संध्याकाळी तो नायगावला आमच्या घरी आला. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मामू, तुम बोलो ना अब्बा कू. ड्यूक दिलाओ बोलके."

आजवर त्याने चालवली ती अब्बांची स्प्लेंडर, तीही घर ते मशीद आणि घर ते बाजार. मी त्याच्या अब्बांशी बोललो नाही. का नाही, ते इथे लिहितो, कारण हा हट्ट आता घरोघरी आहे.

भाच्याचं म्हणणं असं की, "दोनशेच सीसी आहे, बुलेट तर साडेतीनशेची असते." आपण गाडी सीसीवर मोजतो, तिथेच फसतो. बुलेट 350 ची ताकद साधारण 20 अश्वशक्ती आहे, ड्यूक 200 ची साधारण 25, आणि वजनाला ती बुलेटपेक्षा बरीच हलकी. स्प्लेंडरची ताकद 8 च्या आसपास. म्हणजे पोरगा स्प्लेंडरवरून उतरून ड्यूकवर बसला की मुठीतली ताकद तिप्पट होते. हात मात्र तेच असतात.

नवशिका घाबरला की मूठ आवळतो. त्याच मुठीत ॲक्सिलरेटर असतो. स्प्लेंडरवर अशा चुकीने गाडी एक हिसका देते. जास्त ताकदीची गाडी कुठे नेऊन घालेल, सांगता येत नाही. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते, आणि नवशिक्याला ब्रेक आठवायलाच तेवढा वेळ लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला चौपट अंतर लागतं. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण हे गणित बदलत नाही.

आणि रस्ता कुठला? आपला नांदेड–देगलूर. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, पुष्कळदा मागे दिवा नाही. कडेला वाळत घातलेलं सोयाबीन. रमजानमध्ये तरावीह झाल्यावर पोरांना हाच रस्ता मोकळा दिसतो.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण अठरा पूर्ण झाली की पायरीच नाही. आठचा आकडा ज्या स्प्लेंडरवर काढला, तिच्याच लायसन्सवर हजार सीसीची गाडीही चालते. युरोपात मोटरसायकलच्या लायसन्सला ताकदीनुसार टप्पे आहेत. पहिला टप्पा 125 सीसीचा आणि साधारण 15 अश्वशक्तीचा. अठराव्या वर्षी त्याहून मोठी गाडी मिळते, पण तिची चाचणी वेगळी. आपल्याकडे ती पायरी घरानेच बांधायची आहे.

कुणी म्हणेल, स्प्लेंडरवरही माणसं जातात. जातात, डोक्यावर हेल्मेट नसेल तर चाळीसच्या वेगातही जातात. मोठी गाडी वर्षानुवर्षं जपून चालवणारी पोरंही मी पाहिली आहेत. माझं म्हणणं पहिल्या वर्षापुरतं आहे. शिकताना प्रत्येक जण एकदा तरी पडतो. मीही पडलो, पहिल्या पावसात, पुढचा ब्रेक जोरात दाबून. वेग तीसचा होता म्हणून कोपर सोलण्यावर भागलं.

याहून अवघड गोष्ट निकाहच्या बोलणीतली. तिथे गाडी मागितली जाते, हल्ली मॉडेल सांगून. मुलाला ती झेपते का, हे दोन्हीकडचं कुणी विचारत नाही. मुलीचा बाप कर्ज काढून ती दारात उभी करतो. उद्या त्याच गाडीवर काही झालं तर विधवा होणारी त्याचीच लेक असते. जहेज मागणं वाईटच. ही मागणी तर जिवावरची आहे.

काही झालं की आपण म्हणतो, नसीब. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं होतं. अठरा वर्षांच्या पोराला योग्य गाडी देणं हे उंट बांधणंच आहे.

भाच्याला मी सांगितलं, एक वर्ष शंभर-सव्वाशे सीसीची गाडी चालव. पावसाळा काढ, रात्रीचा रस्ता बघ, हेल्मेटचा पट्टा रोज लाव. मग मी स्वतः तुझ्या अब्बांशी बोलेन आणि पदरचे थोडे पैसेही घालेन.

तो रुसून निघाला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. हाक मारून थांबवलं आणि डोक्यावर घालायला लावलं.