यंत्र बसवलंय, पण ते आज तपासलं का?

आज सकाळपासून तुमच्या पोटात काय काय गेलं ते जरा आठवून बघा. चहाबरोबर बिस्किटं, भाजीत हळद-तिखट, मुलांच्या डब्यात ब्रेड, संध्याकाळी मूठभर शेव. यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या कारखान्यात दळलं, चाळलं, कापलं किंवा तळलं गेलेलं असतं. ही कामं करणारी यंत्रं धातूची असतात आणि धातू झिजतो, तुटतो, सैल होतो. चाळणीची तार तुटते, पात्याचा टवका उडतो, एखादा स्क्रू निसटतो.

म्हणूनच अनेक अन्नकारखान्यांत तयार माल मेटल डिटेक्टरमधून जातो. "आमच्याकडे मेटल डिटेक्टर आहे" असं कंपन्या अभिमानानं सांगतात आणि आपणही निर्धास्त होतो. माझ्या मते एवढ्यावर निर्धास्त होणं बरोबर नाही. ते यंत्र दिवसातून किती वेळा तपासलं जातं आणि तपासणीत नापास झालं तर आधीच्या मालाचं काय करतात, हे दोन प्रश्न यंत्र असण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

डॉक्टरांचा यात काय संबंध?

आधी घाबरण्याचं कारण नाही हे सांगतो. चुकून गिळल्या गेलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के वस्तू काहीही इजा न करता शौचावाटे बाहेर पडतात. १० ते २० टक्के वेळा त्या एंडोस्कोपीनं, म्हणजे दुर्बिणीनं काढाव्या लागतात. शस्त्रक्रियेची वेळ साधारण शंभरात एकावर किंवा त्याहून कमी जणांवर येते.

पण नाणं गिळणं वेगळं आणि तारेचा तुकडा गिळणं वेगळं. टोकदार वस्तू घशात किंवा अन्ननलिकेत रुतू शकते आणि क्वचित आतड्याला भोकही पाडू शकते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका रुग्णालयात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात असे सहा रुग्ण आले. मांस भाजण्याची जाळी ज्या तारेच्या ब्रशनं घासली होती, त्याचा बारीक केस अन्नाबरोबर त्यांच्या पोटात गेला होता. ही वस्तू कारखान्यातली नव्हती, घरातलीच होती. आपल्याकडची तारेची घासणी आठवा, म्हणजे धोका लक्षात येईल.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार, थेट खाण्याच्या पदार्थातली ७ ते २५ मिलिमीटर लांबीची कठीण किंवा धारदार वस्तू कारवाईस पात्र ठरते. त्याहून लहान तुकड्यानं सहसा गंभीर इजा होत नाही. मात्र तान्ही मुलं, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि वृद्ध यांच्यासाठी लहान तुकडाही धोक्याचा मानला जातो. घरात यांपैकी कोणी असेल तर हा विषय तुमचाच आहे.

हे यंत्र काम कसं करतं?

साध्या भाषेत सांगतो. पट्ट्यावरून पाकिटं एका चौकटीतून पुढे सरकतात. त्या चौकटीत तारेची तीन वेटोळी असतात. मधलं वेटोळं विद्युतचुंबकीय लहरी सोडतं आणि दोन्ही बाजूंची वेटोळी त्या टिपतात. दोन्हीकडचा संकेत सारखा असतो, म्हणजे तराजू समतोल असतो. धातूचा तुकडा आत आला की तो समतोल ढळतो, यंत्र इशारा देतं आणि एखादा दांडा किंवा हवेचा झोत ते पाकीट बाजूला ढकलतो.

आता यातल्या अडचणी बघू.

- सगळे धातू सारखे सापडत नाहीत. लोखंड चटकन सापडतं. पितळ किंवा ॲल्युमिनियम त्या मानानं अवघड. सर्वांत अवघड स्टेनलेस स्टील, आणि अन्नकारखान्यातली बहुतेक यंत्रं नेमकी त्याचीच असतात.
- चौकटीच्या मध्यभागी यंत्राची नजर सर्वांत कमजोर असते.
- पातळ तार कोणत्या दिशेनं जाते यावर ती सापडणं अवलंबून असतं. एका बाजूनं सापडणारी तार दुसऱ्या बाजूनं निसटू शकते.
- ओला, खारट पदार्थ स्वतःच वीज वाहतो. त्यामुळे लोणचं किंवा पनीर यंत्राला धातूसारखं भासू शकतं. पदार्थाचं तापमान बदललं तरी संकेत बदलतो.
- ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बांधलेल्या मालात साध्या मेटल डिटेक्टरचं फारसं चालत नाही. असा माल बांधण्याआधी तपासावा लागतो किंवा क्ष-किरण यंत्र वापरावं लागतं.
- प्लास्टिक त्याला दिसतच नाही. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका ग्राहकाला स्निकर्सच्या वडीत लाल प्लास्टिकचा तुकडा मिळाला आणि मार्स कंपनीला ५५ देशांतून माल परत मागवावा लागला.

तपासणी म्हणजे नेमकं काय?

ग्लुकोमीटर वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल. मीटर बरोबर दाखवतंय ना, हे बघायला साखरेचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण वापरतात. आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तरच मीटरवर विश्वास ठेवायचा. इथेही तेच तत्त्व आहे. ठरावीक व्यासाची धातूची बारीक गोळी बसवलेली प्लास्टिकची पट्टी किंवा कांडी मिळते. लोखंड, पितळ किंवा ॲल्युमिनियम, आणि स्टेनलेस स्टील अशा तिन्हींची वेगवेगळी. ती खऱ्या पाकिटाबरोबर यंत्रातून सोडायची आणि यंत्र पकडतं का ते बघायचं.

नीट केलेल्या तपासणीत पुढच्या गोष्टी असतात. तिन्ही धातू सोडतात. गोळी पाकिटाच्या पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला ठेवून बघतात. नुसता भोंगा वाजून चालत नाही. नेमकं तेच पाकीट बाजूला पडलं का आणि कुलूपबंद पेटीत गेलं का, हेही बघतात. शेवटी चाचणीच्या पट्ट्या मोजून परत ठेवतात. ऑपरेशननंतर गॉजचे तुकडे मोजतात ना, तसंच. नाहीतर चाचणीची गोळीच पाकिटातून बाजारात जायची. मग वेळ, निकाल आणि सही.

ही तपासणी काम सुरू करताना, संपवताना, माल बदलताना आणि मध्ये ठरावीक अंतरानं करायची असते. अनेक ठिकाणी ती दर तासाला करतात. का, ते एका उदाहरणानं बघू. समजा पट्ट्यावरून मिनिटाला ६० पाकिटं जातात. दर तासाला तपासणी असेल आणि यंत्र नापास झालं, तर शेवटच्या यशस्वी तपासणीनंतरची जास्तीत जास्त ३,६०० पाकिटं संशयित ठरतील. ती अडवून, यंत्र दुरुस्त करून पुन्हा त्यातून काढता येतात. पण आठ तासांच्या पाळीत एकदाच, शेवटी तपासलं तर संशयित पाकिटं होतील २८,८००. त्यातली निम्मी एव्हाना ट्रकमध्ये चढलेली असतील.

घोडं पेंड खातं कुठे?

यंत्रापेक्षा माणसाच्या अडचणीत. पट्टा थांबला की उत्पादन थांबतं. पाळीचं टार्गेट डोक्यावर असतं. त्यात ओल्या किंवा खारट मालामुळे यंत्र धातू नसतानाही वारंवार इशारा देऊ लागलं, तर कुणीतरी कंटाळून त्याची संवेदनशीलता कमी करतं. आयसीयूमध्येही ही अडचण येते. मॉनिटर सारखा उगाच वाजू लागला की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. उपाय दोन्हीकडे एकच आहे. आवाज बंद करायचा नाही, उगाच का वाजतंय ते शोधायचं.

दुसरा मोह रजिस्टरचा. पाळी संपताना एकाच पेनानं आठ तासांच्या आठ सह्या. अशा नोंदवहीचा उपयोग फक्त फाइल जाड करायला होतो. आणि याचा दोष एकट्या कामगाराला देणं मला पटत नाही. पट्टा थांबवल्याबद्दल ज्याला बोलणी खावी लागतात, तो पुढच्या वेळी थांबवणार नाही. तपासणी नापास झाली म्हणून काम थांबवणाऱ्याच्या पाठीशी मालक उभा राहतो का, यावर तुमच्या ताटाची सुरक्षितता ठरते.

मग व्हायला काय हवं?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५४ नुसार अन्नात बाह्य पदार्थ आढळल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चहापत्तीत लोखंडाचा कीस किलोमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादाही आहे. पण दंड होतो तो माल बाहेर पडल्यावर. मला वाटतं, जोर तपासणीच्या नोंदींवर हवा आणि त्याची सुरुवात मोठ्या खरेदीदारांनी करावी. शाळेचा पोषण आहार, अंगणवाडीतून घरी दिला जाणारा आहार, रुग्णालयाचं स्वयंपाकघर, वसतिगृहाची मेस, यांच्या करारात एक ओळ घालावी: धातू-तपासणीच्या नोंदी मागताक्षणी दाखवाव्या लागतील. एकट्या ग्राहकाला कारखान्यात कोणी आत घेणार नाही, पण रोज हजार ताटं घेणाऱ्याला नाही म्हणणं पुरवठादाराला परवडत नाही.

"लहान उद्योगांनी एवढं महाग यंत्र कुठून आणायचं?" हा प्रश्न रास्त आहे. बचत गटाच्या मसाल्याला किंवा पापडाला मी मेटल डिटेक्टरची सक्ती करा म्हणणार नाही. पण दळणाच्या वाटेवर चांगलं लोहचुंबक, ते रोज पुसून त्यावर काय आलं त्याची नोंद, कामाच्या आधी आणि नंतर चाळणी व पात्यांची पाहणी, आणि जागेवर स्टेपलर पिन व तारेच्या घासणीला बंदी, एवढं सहज जमतं. फक्त लोहचुंबक लोखंडच धरतं, स्टेनलेस स्टील बहुधा निसटतं, हे लक्षात ठेवावं. म्हणून डोळ्यांनी केलेली पाहणी टाळता येत नाही.

तुमच्या घासात काही लागलं तर

१. तुकडा आणि पाकीट फेकू नका. पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख जपा. फोटो काढा.

२. तुकडा गिळला गेला असेल तर उलटी काढू नका. वरून केळं किंवा कोरड्या भाताचा गोळा गिळून तो खाली ढकलू नका. जुलाबाचं औषध घेऊ नका.

३. घशात टोचणं, गिळताना दुखणं, लाळ गळणं, छातीत किंवा पोटात दुखणं, उलट्या, ताप, काळी किंवा रक्ताची शौच, यांपैकी काहीही असेल तर लगेच रुग्णालयात जा. श्वासाला त्रास होत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

४. गिळलेली वस्तू टोकदार किंवा तारेसारखी असेल, किंवा गिळणारं लहान मूल असेल, तर त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेमध्ये बहुतेक धातू दिसतात, पण ॲल्युमिनियम नीट दिसेलच असं नाही. म्हणून काय गिळलं ते सांगा, सापडल्यास उरलेला तुकडा सोबत न्या.

५. नजीकच्या काळात एमआरआय ठरला असेल तर धातू गिळल्याचं तिथे आधी सांगा.

६. तक्रार करा: कंपनीकडे, आणि फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे.

शेवटच्या मुद्द्याचा आपण कंटाळा करतो. तुकडा थुंकतो, दुकानदाराला दोन शब्द सुनावतो, पाकीट कचऱ्यात टाकतो आणि विसरून जातो. पण त्या बॅचची आणखी पाकिटं दुसऱ्या घरांत गेलेली असतात. तुमच्या तक्रारीतल्या बॅच क्रमांकावरून कारखान्याला कळतं की कोणत्या तासाला चाळणी तुटली होती आणि त्या तासाला यंत्र खरंच तपासलं होतं की नुसती सही झाली होती. तुम्हाला भरपाई मिळो न मिळो, एखाद्या तान्ह्या बाळाच्या वाटीतला पुढचा तुकडा तुमच्या त्या तक्रारीमुळे टळू शकतो. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं नक्की करा.