परत आलेल्या पोराचं काय?

फजरची नमाज आटोपून मी दारव्हा रस्त्यावर फिरायला निघतो, तेव्हा अंधारातच पोरं पळत असतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीरसाठी. सोळाशे मीटरची वेळ मोबाईलवर लावलेली, पायात झिजलेले बूट. त्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे. दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकला. मागच्या महिन्यात त्याच्या अम्मी शाळेत आल्या. "सर, आप बोलो तो मानेगा," एवढंच म्हणाल्या. पोरगा दारात उभा होता. फौजेतच का जायचंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सर, 'बॉर्डर' बघितला तेव्हापासून."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? 1997 मध्ये मी स्वतः 'बॉर्डर' बघताना टॉकीजमध्ये उभा राहून शिट्ट्या मारल्या होत्या.

त्या रात्री तो सिनेमा पुन्हा बघितला. विषय डिसेंबर 1971 मधली लोंगेवालाची लढाई. त्यात अक्षय खन्नाने साकारलेला लेफ्टनंट धरमवीर आठवून बघा. कोवळा, हसरा पोरगा. समोर शत्रू असतो, पण याच्याकडून गोळी सुटत नाही. वरिष्ठ त्याला सुनावतो. पुढे तोच पोरगा बेभान होऊन लढतो आणि मरतो. शिट्ट्या मी तिथेच मारल्या होत्या. आता चाळिशी ओलांडल्यावर वाटलं, माणसावर गोळी झाडताना हात न उठणं ही या पोराची कमतरता होती का? सिनेमा तर तसंच सांगतो. तो हात उठला की पोरगा 'तयार' झाला, मर्द झाला. त्याच्या आतलं काय गेलं, हे विचारायला सिनेमा थांबत नाही.

आणखी एक गोष्ट. खरे धरमवीर भान त्या लढाईतून जिवंत परतले. सुनील शेट्टीने ज्यांची भूमिका केली, ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड पडद्यावर शहीद होतात. प्रत्यक्षात ते डिसेंबर 2022 पर्यंत हयात होते. त्या लढाईत भारताचे दोन जवान शहीद झाल्याची नोंद आहे. पडद्यावर मात्र एकामागून एक पडत जातात. असं का केलं असेल? मला वाटतं, आपल्या सिनेमाला शहीद समजतो, परत आलेला शिपाई समजत नाही. शहिदाला हार घालता येतो. परत आलेला माणूस रात्री दचकून उठतो, त्याचं काय करायचं, हे पटकथेत बसत नाही.

जगात याच विषयावर वेगळे सिनेमेही झालेत. 1985 चा रशियन सिनेमा 'कम अँड सी' बघा. 1943 चा बेलारूस, नाझींनी जाळलेली खेडी. एक किशोरवयीन मुलगा वाळू उकरून बंदूक मिळवतो आणि मोठ्या आनंदाने जंगलातल्या लढवय्यांना जाऊन मिळतो. सिनेमा संपतो तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या असतात. आपल्याकडे युद्धात पोरगा मर्द होतो, तिकडे तो म्हातारा होतो. मला दुसरं खरं वाटतं.

आणि शिक्षकाची झोप उडवेल असा सिनेमा म्हणजे 1930 चा 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. पहिल्या महायुद्धातला जर्मन वर्ग. मास्तर असं जोशात भाषण देतात की अख्खा वर्ग भरतीला जातो. त्यातला पॉल पुढे रजेवर येतो, त्याच वर्गात उभा राहतो आणि खंदकात खरं काय असतं ते सांगतो. नवी पोरं त्यालाच भित्रा म्हणतात. हे बघताना मला 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीची माझी भाषणं आठवली. आवाज चढवून मी काय काय बोललोय! पळायला पोरं जातात, मी टाळ्या घेऊन घरी येतो.

मराठी माणसाने असा प्रयत्न केलाच नाही, असं नाही. नाना पाटेकरांचा 1991 चा 'प्रहार' हिंदी असला तरी त्यातला मेजर चव्हाण आपला आहे. त्यातला पीटर कमांडो होतो, एका कारवाईत अपंग होऊन घरी परततो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांच्या हातून मारला जातो. मोहल्ला गप्प बसतो. परत आलेल्या शिपायाला आपण काय देतो, हा प्रश्न त्या सिनेमाने विचारला होता. पुढचा मेजरचा संतापच लोकांना जास्त आवडला, ते सोडा.

आता आपल्या घरातली गोष्ट. युद्धपटातल्या हिंदू किंवा शीख पोराला निदान सुरुवातीला घाबरायची मुभा असते. घरची आठवण काढून रडायची, चुकायची मुभा असते. मुसलमान शिपाई मात्र बहुतेक वेळा पहिल्या दृश्यापासून तयारच असतो. त्याला काहीतरी सिद्ध करायचं असतं ना! तो दोन संवाद बोलतो, मुल्कावरचं प्रेम सांगतो आणि इतरांच्या आधी मरतो. त्याचा निरागसपणा हरवलेला दिसत नाही, कारण तो त्याला दिलेलाच नसतो. वीर अब्दुल हमीद यांचंच बघा. 10 सप्टेंबर 1965 ला खेमकरण भागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडताना ते शहीद झाले. परमवीर चक्र मिळालं. आपण सभेत त्यांचं नाव दाखल्यासारखं पुढे करतो. पण शिंप्याच्या घरातला हा बत्तीस वर्षांचा माणूस आदल्या रात्री कशाची काळजी करत असेल, हे आपण तरी कधी विचारलं? दोष फक्त सिनेमावाल्यांचा नाही.

2026 च्या 1 जानेवारीला आलेला श्रीराम राघवन यांचा 'इक्कीस' म्हणून महत्त्वाचा वाटतो. पुण्यात जन्मलेले, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले अरुण खेत्रपाल. जून 1971 मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाले आणि 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत गेले. वय एकवीस. सिनेमा या पराक्रमावर थांबत नाही. तीस वर्षांनी, 2001 मध्ये, त्यांचे वडील पाकिस्तानात गेले. ज्या ब्रिगेडियरने त्यांना घरी ठेवून घेतलं, त्याचा पाहुणचार केला, त्यानेच शेवटी सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ही खरी घडलेली गोष्ट आहे. मारणारासुद्धा तीस वर्षं ते ओझं वाहत होता. युद्धात निरागसपणा हरवतो तो दोन्ही बाजूंच्या पोरांचा, हे याहून साध्या शब्दांत कसं सांगणार?

हे सगळं आज सांगायचं कारण साधं आहे. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षापासून पोरं घेतात. चार वर्षांनी त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे घरी परततील. म्हणजे आपल्या दिग्रस, पुसद, आर्णीच्या गल्ल्यांत बावीस-तेवीस वर्षांची परत आलेली पोरं असणार आहेत. त्यांच्याशी कसं बोलायचं, हे आपल्याला एकाही गाजलेल्या सिनेमाने शिकवलेलं नाही.

त्या पोराला मी पुन्हा बोलावलं. जाऊ नको म्हणालो नाही. देशाच्या फौजेत जाणं इज्जतीचं काम आहे आणि त्याच्या घरी पगाराची गरज आहे. एवढंच म्हणालो, "बेटा, भीती वाटली तर लाजू नको. काही सिद्ध करायला जाऊ नको, नोकरी करायला जा. आणि परत आलास की आधी माझ्याकडे ये, जे कुणाला सांगता येणार नाही ते मला सांग." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, भीती तर आत्ताच वाटते."

त्याच्या अम्मींना मी निरोप पाठवला, पोरगा समजूतदार आहे. यंदाच्या 15 ऑगस्टला मी भाषण करणार नाही. तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांना वर्गात बोलावलंय. लढाईचे किस्से विचारू नका, घरी परतल्यावरचं विचारा, असं पोरांना सांगून ठेवलंय.