घराला लागून नसलेला गोठा

चिखली-खामगाव रस्त्यावरील अमडापूर आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्याचा संसार गावठाणातल्या चार भिंतींत मावत नाही. त्याचा निम्मा भाग शेताच्या बांधावर असतो. टिनपत्र्यांचा गोठा, कुटाराचा ढीग, कडब्याची गंजी, औजारांची खोली आणि सुगीच्या दिवसांत सोंगून रचलेली सोयाबीनची सुडी, एवढ्यावर त्याचे वर्ष उभे असते. वादळाने हा गोठा उडाला वा आगीत भस्मसात झाला, तर त्याची भरपाई कोणी करावयाची, या साध्या प्रश्नाला राज्ययंत्रणेकडे सरळ उत्तर नाही.

नैसर्गिक आपत्तीत द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्र सरकार ठरविते व राज्ये त्यानुसार वाटप करतात. 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णपणे पडलेल्या घराला 1,20,000 रुपये होते. गोठ्याला होते 3,000. आणि तेही तो 'घराला लागून' असेल तरच! घरापासून सुटा असलेल्या गोठ्याचा निकषांत उल्लेखच नाही. त्याच निकषांनुसार दुभती गाय वा म्हैस दगावली तर 37,500 रुपये आणि ओढकामाचा बैल दगावला तर 32,000 रुपये मिळत. जनावर कोठे बांधलेले होते, हे तेथे विचारलेले नाही. म्हणजे शेतातल्या गोठ्यावर आपत्ती कोसळली, तर आतल्या बैलाचे मोल मान्य, त्याच्या डोक्यावरचे छप्पर मात्र अमान्य. हा तर्क कोणत्या शास्त्राला धरून आहे, हे निकष लिहिणाऱ्यांनीच सांगावे.

वस्तुतः गोठ्याची किंमत सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. 2021 साली रोजगार हमीशी जोडून राज्याने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना जाहीर केली, तेव्हा दोन ते सहा गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी 77,188 रुपये खर्च धरला होता. बांधताना जो गोठा सरकारच्याच हिशेबाने पाऊण लाखाच्या वर जातो, तो पडल्यावर तीन हजारांचा कसा होतो? शिवाय गुरे राहत्या घरापासून दूर बांधावीत, शेण-मूत्राची घाण दारात नको, असा आरोग्याचा उपदेश गावोगाव वर्षानुवर्षे होत आला आहे. ज्या कुटुंबाने तो ऐकला, तेच मदतीच्या चौकटीबाहेर पडते. गावठाणात जागाच नसल्याने ज्यांना गुरे बाहेर न्यावी लागली, त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको.

मग विम्याचे काय? 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची एकसारखी पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना लागू केली. तिच्यात मुख्य घराबरोबर त्याच आवारातील गॅरेज, राहण्यासाठी वापरलेली बाहेरची खोली, कुंपणभिंत, फाटक, पाण्याची टाकी, सौर पट्टे, इतकेच काय बायोगॅस संयंत्रही येते. यादी वाईट नाही. परंतु तिची कल्पना बंगल्याच्या आवाराची आहे. ज्या शेणावर बायोगॅस चालतो ते देणाऱ्या गुरांचा गोठा तिच्यात नावाने नाही. घरापासून दोन किलोमीटरवर असलेला गोठा 'आवारात' बसणार तरी कसा? अमेरिकेत प्रचलित घरविम्यात सुट्या बांधकामांना घराच्या विमारकमेच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते, पण धंद्यासाठी वापरलेले बांधकाम तेथेही वगळतात. शेतकऱ्याच्या बाबतीत घर कोठे संपते आणि धंदा कोठे सुरू होतो, हे कोण सांगणार? पीकविमाही येथे उपयोगी नाही. तो पिकाचा, गोठा, औजारे, कडबा त्याच्या कक्षेबाहेर.

1 जानेवारी 1973 पासून साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 107 विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, तेव्हा हा व्यवसाय शहरी मालमत्तेच्या पलीकडे खेड्यापर्यंत जाईल, ही अपेक्षा होती. ती अपुरी राहिली हे मान्य करावेच लागेल. पण 1999 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडल्यानंतरही पत्र्याच्या गोठ्याचा हप्ता गोळा करण्याची घाई कोणाला झालेली दिसत नाही. 2021 च्या दुरुस्तीने तर सरकारी कंपन्यांत किमान 51 टक्के भागभांडवल सरकारने राखण्याची अटही काढून टाकली. ज्या धंद्यात नफा कमी आणि पंचनाम्याची पायपीट जास्त, तेथे खासगी भांडवल स्वखुशीने येत नसते.

म्हणून मागणी दोन टप्प्यांची हवी. निकषांतील 'घराला लागून' हे शब्द काढावेत आणि मदतीची रक्कम सरकारने स्वतः धरलेल्या बांधकामखर्चाशी जोडावी. त्याचबरोबर सेवा सहकारी सोसायट्यांमार्फत गोठा, चारा व औजारे यांचा एकत्रित सामूहिक विमा सरकारी कंपन्यांनी काढावा. त्यात बांधकामाची नोंद गट क्रमांकाने व्हावी, घरापासूनच्या अंतराने नव्हे. तोवर कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: वादळानंतरच्या प्रत्येक पंचनाम्याला हजर राहून शेतातील गोठा, त्याचे मोजमाप, पत्र्यांची संख्या व जळालेला चारा यांची स्वतंत्र नोंद करून घ्यावी आणि तिची प्रत तहसील कार्यालयातून मागून ठेवावी, मदत नाकारली जाणार हे ठाऊक असले तरीही.