दोघांची गाडी

गेल्या रविवारी सकाळचा चहा चालू असता आमच्या चिरंजीवांनी फोनवरचे एक चित्र माझ्यापुढे धरले. लालचुटूक, बुटकी, उघड्या टपाची मोटार, बैठका दोनच. "बाबा, कशी आहे?" खरे सांगायचे तर क्षणभर माझेही मन घसरले. तेवढ्यात त्याच्या मातोश्री कणीक मळता मळता म्हणाल्या, "छानच आहे. पण आईंना कुठे बसवायचं?"

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला क्षमा करावी. पण छोट्या स्पोर्ट्स कारचा खप का चढतो आणि का पडतो, याचे निम्मे उत्तर या एका प्रश्नात आहे. दोन बैठकांची गाडी ही कोणाच्याच गरजेची वस्तू नव्हे. ती घरातली दुसरी गाडी. पोळीभाजी भागल्यावरचे श्रीखंड! हात आखडला की पहिली काट श्रीखंडालाच बसायची.

उरलेले निम्मे उत्तर कारखान्यात सापडते. इंग्लंडातील ॲबिंग्डन या लहानशा गावी एम्. जी. मोटारी तयार होत. तेथे १९५५ साली 'एम्. जी. ए.' निघाली. रूप अप्सरेचे, पण इंजिन साध्या घरगुती मोटारींतले, १४८९ सी. सी. चे. त्याच घराण्यातले इंजिन १९५९ पासून आपल्या ॲम्बॅसडरमध्ये आले. म्हणजे कलेक्टरसाहेबांना घेऊन धीरगंभीरपणे जाणारी ॲम्बॅसडर आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी वारा पिऊन धावणारी एम्. जी. या नात्याने बहिणीच! ट्रायम्फ हेरल्डचेही तसेच. मद्रासला १९६१ पासून ती 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून तयार होऊ लागली; तिकडे इंग्लंडात तिचीच चौकट आखूड करून १९६२ साली 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्स कार काढली. घरच्या गाडीचे सुटे भाग हाताशी असले, तरच हौसेची गाडी स्वस्तात होते.

या गाड्यांना गिऱ्हाईक मिळाले ते अमेरिकेत. युद्धकाळात इंग्लंडमध्ये राहिलेल्या अमेरिकन शिपायांनी त्या पाहिल्या होत्या. त्यातच १९४९ साली पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आली आणि इंग्लिश माल अमेरिकेत स्वस्त झाला. तिकडे घरात एक प्रशस्त मोटार आधीच उभी असल्यामुळे दुसरी दोघांची असली तरी चालत होते. 'एम्. जी. ए.' एक लाखाहून अधिक निघाल्या. त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. तिच्या मागून १९६२ साली आलेली 'एम्. जी. बी.' तर अठरा वर्षांत पाच लाखांच्या वर तयार झाली.

मग ग्रहमान फिरले. अमेरिकेत धुराचे आणि सुरक्षिततेचे नवे नियम आले. ते पाळण्यासाठी १९७४ साली त्या नाजूक एम्. जी. ला रबराचे जाडजूड बंपर लावले, तिची उंची वाढवली. धूर कमी करताना इंजिनाची ताकदही घटली. नियम योग्यच होते. पण नवी गाडी घडवायला पैसा नव्हता, म्हणून जुनीलाच ठिगळे लावली गेली. १९७६ साली फोक्सवॅगनने 'गोल्फ जी. टी. आय.' काढली. वेगही तिच्यात आणि मागे मुलांना जागाही! शेवटी पौंड पुन्हा महागला आणि अमेरिकेत खपणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तोटा होऊ लागला. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला. अर्धशतक ज्या गावाने मोटारी घडवल्या, तेथील कामगार घरी बसले. मोठमोठ्या कंपन्यांनी निदान केले, "लोकांची हौस संपली."

माझे भांडण आहे ते या निदानाशी. हौस संपली नव्हती. हौस करण्याजोगा माल संपला होता. याचा पुरावा १९८९ साली जपानच्या माझदा कंपनीने दिला. तिची 'एम्. एक्स. ५' म्हणजे जुन्या इंग्लिश गाड्यांचेच रूप; फक्त ती गळत नव्हती आणि सकाळी हटकून सुरू होत होती! इंजिन? कंपनीच्याच घरगुती '३२३' मोटारीच्या घराण्यातले. १९९० साली एकट्या अमेरिकेत सुमारे छत्तीस हजार खपल्या. २०१६ साली दहा लाखावी तयार झाली.

पण तिचाही आलेख सरळ नाही. नवे रूप आले की दोन-तीन वर्षे झुंबड, मग उतरण. ज्यांना हवी होती त्यांनी घेतलेली असते आणि रविवारपुरती निघणारी गाडी लवकर झिजत नाही. जुनी गाडीच नवीची सवत होऊन बसते! त्यात १९९५-९६ च्या सुमारास बी. एम्. डब्ल्यू., मर्सिडीज, पोर्श अशा बड्या मंडळींनीही दोन बैठकांच्या गाड्या आणल्या आणि गिऱ्हाईक वाटले गेले. पुढे २००८ ची मंदी आली. २००९ साली अमेरिकेत माझदाच्या या गाड्या आठ हजारही खपल्या नाहीत. श्रीखंडाला काट बसली.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन बैठकांची गाडी रेनॉच्या छोट्या इंजिनावर निघाली. ती फारशी खपली नाही. नवल ते काय? ज्या घरात पहिलीच गाडी हप्त्यांवर येते, तिथे दुसरीचे कौतुक रस्त्यावरूनच व्हायचे.

असो. हे सारे पुराण मी चिरंजीवांना ऐकवीत होतो. आमच्या आई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी चित्र मागून घेतले, डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाल्या, "दोघंच मावतात ना? मग हा चालवील, मी शेजारी बसेन. तुम्ही दोघं रिक्षानं या."

हौस संपली म्हणणाऱ्या कंपन्यांनी आमच्या आईंना विचारायला हवे होते.