गणवेषाची वाट आणि समाजाचे देणे

मुदखेड हे नाव मराठवाड्याबाहेर बहुतेकांना ठाऊक असते ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. या गावाची दुसरी ओळख म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय. त्याच्या आसपास वाढणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना ‘भरती’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. पावसाच्या भरवशावरचे दोन-चार एकर आणि घरात खाणारी पाच-सात तोंडे, अशा स्थितीत दहावी झालेल्या मुलाला गणवेष ही प्रथम भाकरीची वाट वाटली, तर त्यात नवल काय?

यावरून काही सुशिक्षित मंडळी असा आक्षेप घेतात की, पोटासाठी दाखल होणाऱ्यास देशसेवक का म्हणावे? हा आक्षेप वरवरचा आहे. पगार घेणाऱ्या शिक्षकाचे अध्यापन समाजसेवा ठरत नाही, असे कोणी म्हणत नाही. उपजीविका आणि सेवा यांचे वैर नाही. खरा प्रश्न असा की, तो गणवेष कोणाच्या बाजूने उभा राहतो.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. रझाकारांच्या गणवेषाची दहशत येथील वृद्धांनी अनुभवली. मुदखेडजवळच्या उमरीची बँक १९४८ च्या जानेवारीत मुक्तिसंग्रामासाठी लुटली गेली, तेव्हा लोकांची बाजू घेणारे तरुण गणवेषाविना होते. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा तोच सैनिकी वेष लोकांना सुटकेचे चिन्ह वाटला. राखीव पोलीस दलाची कुंडलीही अशीच उलटली आहे. इंग्रजांनी १९३९ साली नीमच येथे ते उभारले, ते संस्थानांतील चळवळी काबूत ठेवण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने त्याला नवे नाव मिळाले आणि नवे धनीही: या देशाचे नागरिक.

हे दल लष्कर नव्हे. गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील ते सशस्त्र पोलीस दल आहे. तथापि त्यागात ते कोठेही उणे नाही. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे या दलाचे दहा जवान चिनी सैनिकांच्या गोळीबारात पडले. देशभर पाळला जाणारा पोलीस स्मृतिदिन तो हाच. २००१ साली संसदेवर हल्ला झाला, तेव्हा हाती शस्त्र नसताना इशारा देणाऱ्या कमलेशकुमारी याच दलाच्या शिपाई होत्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. पुलवाम्यात २०१९ साली मृत्यू पावलेल्या चाळीस जवानांपैकी दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते. सेवा केवळ मरणातच असते असेही नव्हे. २०१४ साली माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा चिखल उपसणाऱ्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याची तुकडी राखीव पोलीस दलातूनच उभी राहिलेली आहे.

आता समाजाच्या देण्याविषयी. ते बव्हंशी हारतुरे आणि अंत्ययात्रेतील घोषणा यांतच संपते. जिवंत जवानाच्या वाट्याला काय येते? १ जानेवारी २००४ पासून सेवेत आलेल्या निमलष्करी जवानांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. लष्कराला मात्र तीतून वगळण्यात आले. हा भेद न्यायालयापर्यंत गेला, पण गावच्या चावडीवर त्याची चर्चा क्वचितच ऐकू येते. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा अग्निवीर कायम होतात. शेत गहाण ठेवून भरतीच्या शिकवणीची फी भरणाऱ्या बापाला हा हिशेब आधी सांगणारे कोणी नको काय?

हे काम शिक्षकांचे आहे, आणि कचेरीत बसून नियम वाचणाऱ्या कारकुनांचेही. राखीव पोलीस दलाच्या शिपाईपदाला दहावीची पात्रता आणि सर्वसाधारणतः १८ ते २३ वर्षांचे वय लागते. मुलांना पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत धावावे लागते, मुलींना सोळाशे मीटर साडेआठ मिनिटांत. धावण्याचा सराव मुले आपल्या हिमतीवर करतात; ती अडतात लेखी परीक्षेत, गणितापाशी आणि बुद्धिमापनापाशी. ही परीक्षा २०२४ पासून मराठीतूनही देता येते. इतकी वर्षे हिंदी-इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या ग्रामीण मुलांसाठी ही मोठी सोय आहे. शाळेने संध्याकाळी एक तास दिला तरी तिचे चीज होईल. मुलींनाही सांगावे की, या दलाची पहिली महिला बटालियन १९८६ सालची, आणि २००७ साली लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यास गेलेले महिला पथक याच दलातले होते.

जे निवडले जात नाहीत त्यांची संख्या नेहमीच अधिक असते. तेविशी उलटलेल्या तरुणाला ‘वाया गेला’ म्हणणारा समाज सेवेचा अर्थच विसरला, असे म्हणावे लागेल. त्याची शिस्त आणि कष्टाची सवय ग्रामपंचायतीला, शाळेच्या मैदानाला आणि पुराच्या रात्री नदीकाठच्या वस्तीला उपयोगी पडणारी आहे. तिला काम देणे गावाच्या हाती आहे.

तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येते, तेव्हा सारा तालुका लोटतो. त्या गर्दीतील प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: हा मुलगा पहाटे रस्त्यावर एकटा धावत होता, तेव्हा आपण त्याच्यासाठी काय केले?