त्या शून्याचं काय करायचं?

२१ सप्टेंबर १९८५. लास व्हेगासच्या बॉक्सिंग रिंगमध्ये हेवीवेट विश्वविजेता लॅरी होम्स उतरला तेव्हा त्याच्या नावावर ४८ लढती होत्या आणि हार एकही नव्हती. आणखी एक जिंकली की रॉकी मार्सियानोच्या ४९ शी बरोबरी. मार्सियानोच्या अखेरच्या लढतीला त्या दिवशी नेमकी तीस वर्षं होत होती. पण खालच्या वजनगटातून वर आलेल्या मायकेल स्पिंक्सने पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर बाजी मारली. चिडलेला होम्स पत्रकारांसमोर बोलून गेला, की आपला लंगोट सांभाळायचीही मार्सियानोची लायकी नव्हती. त्याने पुढे माफी मागितली, पण बोल काही पुसला गेला नाही.

बोल उद्धटच. तरी तीच शंका सभ्य भाषेत मांडणारे पुष्कळ आहेत. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट; हेवीवेटचा दुसरा कोणताही विश्वविजेता असा कोरा निवृत्त झालेला नाही. शंकेखोर म्हणतात, समोर होतं कोण? म्हातारे!

यात तथ्य नाही असं नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने ज्या जो लुईसला आठव्या फेरीत रिंगच्या दोरांपलीकडे पाडलं, तो ३७ वर्षांचा होता आणि कराच्या थकबाकीपायी पुन्हा हातमोजे चढवून उभा होता. आपल्याच दैवताला पाडल्यावर मार्सियानो रडला, असं सांगतात. त्या विजयाने नाव झालं, पण थोरवी मोजायला तो कामाचा नाही.

पराभवांच्या रकान्यातलं खुद्द शून्यही वाटतं तेवढं भक्कम नाही. मार्च १९५० मध्ये रोलंड ला स्टार्झाविरुद्ध एका परीक्षकाने कौल ला स्टार्झाला दिला, दुसऱ्याने मार्सियानोला. रेफ्रीच्या हिशेबात फेऱ्या पाच-पाच झाल्या. मग पूरक गुण मोजले गेले आणि त्यांवर मार्सियानो तरला. रेफ्रीची पेन्सिल जराशी इकडची तिकडे झाली असती, तर त्याच्या गावी, ब्रॉक्टनमध्ये, त्याचा भलाथोरला पुतळा उभा राहिला असता का, कोण जाणे. शिवाय २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने ५० चा आकडा गाठला तो कॉनर मॅकग्रेगरला हरवून. मॅकग्रेगरची ती व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिलीच लढत! शून्य असंही राखता येतं.

तेव्हा मार्सियानोचा मोठेपणा तपासायचा, तर तो हरत होता त्या रात्री पाहाव्या लागतात.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. समोर विश्वविजेता जर्सी जो वॉलकॉट, वय ३८. पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या हूकने मार्सियानोला खाली बसवलं. कारकिर्दीत असं प्रथमच घडत होतं. मधल्या काही फेऱ्यांत डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याला धड दिसेना. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिघांच्याही गुणपत्रकांवर वॉलकॉट पुढे होता. म्हातारा म्हणावं तर हा म्हातारा आयुष्यातली सर्वोत्तम लढत खेळत होता. तेराव्या फेरीत तो दोरांशी टेकला, दोघांनीही उजवा हात एकदमच सोडला. मार्सियानोचा आखूड ठोसा आधी पोचला. वॉलकॉटचा एक हात दोरावर अडकला आणि तो हळूहळू घसरत गुडघ्यांवर आला.

मार्सियानोची उंची सहा फुटांना दीड इंच कमी, वजन ८५ किलोच्या आसपास, हात तर हेवीवेटच्या मानाने फारच तोकडे. ब्रॉक्टनच्या जोड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या इटालियन बापाचा हा मुलगा आज हेवीवेटमध्ये मोडलाच नसता. त्याला खालच्या क्रूझरवेट गटात पाठवलं असतं. प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याला देखणा बॉक्सर करण्याच्या फंदात न पडता आणखी वाकून लढायला शिकवलं. दिसायला ओबडधोबड, अंगावर आला की सुटका नाही.

सप्टेंबर १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याची नाकपुडी अक्षरशः फाडली. रक्त थांबेना, लढत केव्हाही थांबवली गेली असती. आठव्या फेरीत चार्ल्स खाली होता. त्याआधी जूनमध्ये याच चार्ल्सने त्याला पूर्ण पंधरा फेऱ्या झुंजवलं होतं, आणि चार्ल्स काही म्हातारा नव्हता, ३२-३३ चाच होता. राहिला आर्ची मूर. चाळिशीला टेकलेल्या मूरने १९५५ मध्ये दुसऱ्या फेरीत मार्सियानोला पाडलं आणि नवव्यात तो स्वतः संपला. पण लाइट हेवीवेटचं विजेतेपद त्यानंतरही काही वर्षं याच ‘म्हाताऱ्या’कडे होतं.

लुईस किंवा मोहम्मद अलीच्या पंक्तीत मार्सियानोला बसवणं मात्र जड जातं. सहा वेळा विजेतेपद राखून १९५६ च्या एप्रिलमध्ये तो थांबला. तेव्हा वर येत होता फ्लॉइड पॅटरसन. ज्या हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य मिळवलं, तिथेच बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकलेला, कमालीच्या चपळ हातांचा पोरगा. ती लढत झालीच नाही.

अलीशी झाली, ती कॅमेऱ्यासमोर. १९६९ मध्ये डोक्यावर केसांचा टोप चढवून, वजन उतरवून, ४५ वर्षांचा मार्सियानो अलीबरोबर लुटुपुटूच्या फेऱ्या खेळला. निकाल संगणक देणार होता, म्हणून शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले. ३१ ऑगस्टला, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवातल्या विमान अपघातात मार्सियानो गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पडद्यावर त्याला तेराव्या फेरीत जिंकताना पाहिलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला.