घाटात खाली काय घासतं?

दोन चाकं । वाटसरू

कराडजवळच्या मलकापुरात ढेबेवाडी रोडच्या एखाद्या गॅरेजात सर्व्हिसिंगला आलेली बुलेट दिसली, तर तिच्या डाव्या अंगाला जरा वाकून बघा. मेन स्टँड लावताना आपण ज्याच्यावर पाय देतो, तो लोखंडी दांडा पुष्कळदा टोकाला तिरका झिजलेला असतो. रंग गेलेला, कड धारदार. त्याच्या पुढं फूटरेस्टखालचा बोल्टही अर्धा खाल्लेला. गाडी जोडीनं, सामान लादून कुंभार्ली घाट उतरून आली आहे, हे जाणता मेकॅनिक तेवढ्यावरून सांगतो.

हे घासलेलं लोखंड दाखवून गाडी किती झोपवली ते सांगणारी पोरं मला भेटतात, आणि मला त्यांची काळजी वाटते. फूटरेस्टचं ठीक आहे. ते बिजागरीवर असतं, टेकलं की वर दुमडतं आणि चालवणाऱ्याला वेळेत इशारा मिळतो. मेन स्टँड, लेग गार्ड, सायलेन्सर यांना दुमडणं माहीत नाही. यातलं काही जोरात टेकलं की टायरवरचा भार त्या लोखंडावर जातो, चाक रस्त्यावरून हलकं होतं आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकते. कुंभार्लीत वळणाच्या बाहेर एक तर दरी असते, नाही तर समोरून चढणारा ट्रक.

डावी बाजूच जास्त का घासते, याचं उत्तर आपल्या रस्त्यात आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावं वळण आपल्याला आतल्या अंगानं, म्हणजे आखूड त्रिज्येनं घ्यावं लागतं. साइड स्टँडही डावीकडे आणि मेन स्टँडचा दांडाही डावीकडेच. गाडी जिथं सगळ्यात जास्त कलते, तिथंच तिच्याखाली लोखंडाची गर्दी.

आता थोडं गणित. १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० किलोमीटरनं घेतलं, तर गाडी साधारण २५ अंश कलते. तेच ४० नं घेतलं तर ४० अंश. वेग दहानं वाढला आणि कल पंधरा अंशांनी. शिवाय कललेल्या गाडीच्या स्प्रिंगांवर नुसतं वजन येत नाही, वळणाचा जोरही येतो. ३० अंशांवर हा भार सरळ रस्त्यापेक्षा १५ टक्के जास्त असतो, ४० अंशांवर ३० टक्के. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. त्यावर नवरा-बायको आणि दोन बॅगा धरल्या तर सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे तीस अंशांच्या वळणात, आणखी एक सडपातळ माणूस मध्येच येऊन बसावा, तेवढा भार वाढतो. उंचीची गरज असते नेमकी तेव्हाच गाडी खाली बसते.

सस्पेन्शन बदललं की गाडी कितीही झोपवता येते, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. गाडी पुढून-मागून तीन सेंटिमीटर वर ठेवली, तर टेकायच्या आधी जेमतेम तीनेक अंश जास्त मिळतात. खरा फायदा वेगळाच आहे. ओझ्यानं आधीच बसलेला शॉकअप वळणातल्या एका खड्ड्यात उरलीसुरली चाल संपवतो आणि तळाला आपटतो. स्टँड घासतो तो बहुतेकदा त्याच क्षणी. पाटण सोडून हेळवाकच्या पुढं गेलं की पावसानं उखडलेले तुकडे वळणावरच भेटतात, हे त्या वाटेनं जाणाऱ्याला सांगायला नको. अशा ठिकाणी स्प्रिंगमध्ये थोडी चाल शिल्लक असणं, हेच संरक्षण.

ती चाल मोजता येते, आणि फुकट मोजता येते. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक लटकतं राहू द्या. चाकाच्या एक्सलपासून वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपनं माप घ्या. मग गाडी खाली उतरवून दोघंही बसा, बॅगा लावा आणि तिसऱ्या माणसाला तेच माप पुन्हा घ्यायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी ओझ्यानं बसली ती उंची. एकूण चालीच्या साधारण तिसरा हिस्सा इतका तो असावा. इंटरसेप्टर ६५० च्या मागच्या चाकाची चाल ८८ मिलिमीटर आहे, म्हणजे तीसच्या आसपास. माप पन्नास आलं, तर गाडी निम्म्याहून जास्त चाल घरातच खर्च करून निघाली म्हणायची.

शॉकअपच्या बुडाशी खाचांची एक कॉलर असते. क्लासिक ३५० ला तिचे सहा टप्पे आहेत. टूलकिटमधला वाकडा पाना लावून ती फिरवली की गाडी वर येते. स्प्रिंग त्यानं कडक होत नाही, फक्त तिची सुरुवात वरून होते. दोन्ही बाजूंना टप्पा सारखाच हवा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तरीही कित्येक गाड्यांची कॉलर शोरूममधून आली तिथंच गंजून बसलेली असते. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं होतं. मागं रोज कोण बसणार आणि त्याचं वजन किती, हे कुणी विचारत नाही. ते विचारून कॉलर लावून देणं हा सर्व्हिसचाच भाग असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. गॅब्रिएलचा पहिला कारखाना मुलुंडला निघाला, एन्ड्युरन्स वाळूजला शॉकअप बनवते. या धंद्यातलं ज्ञान महाराष्ट्रात भरपूर आहे. ते गॅरेजच्या ओट्यापर्यंत आलं पाहिजे.

कॉलर शेवटच्या टप्प्यावर नेऊनही माप जमत नसेल, तर स्प्रिंगच कमी पडते आहे. मग वजनाला साजेशी जास्त ताकदीची स्प्रिंग किंवा चांगला शॉकअप घ्यावा. तेल सुटलेल्या शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग चढवू नये, गाडी उड्या मारत राहते. पुढचा चिमटा विसरू नका. त्यातलं तेल पातळ झालं असेल, तर वळणाआधी ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते आणि मागं कमावलेली उंची पुढं जाते. लांब शॉकअप टाकून फक्त मागची बाजू उचलण्याच्या भानगडीत तर पडूच नये. हँडल हलकं आणि चंचल होतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, मेन स्टँडवर चाक जमिनीवरून सुटत नाही. उलट पाय टेकावेत म्हणून गाडी खाली बसवून घेणारेही आहेत. त्यांच्यासाठी सीटचा फोम कापणं बरं, शॉकअपला हात लावू नये.

कोकरूडवरून शाहूवाडीच्या मलकापूरला आणि तिथून आंबा घाटात जाणाऱ्यांनाही हेच लागू. फक्त निघायच्या आदल्या दिवशी एवढं करा. कॉलर फिरवल्यावर चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासा, कारण गाडीची उंची बदलली की तोही बदलतो. अंधारात भिंतीवर हेडलाइट पाडून बघा. मागून बसलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि कोयनेच्या धुक्यात स्वतःलाही रस्ता दिसत नाही. मग दोघं बसून, बॅगांसकट, ढेबेवाडी रोडच्या गतिरोधकांवरून एक फेरी मारा. मागून धाडकन आवाज आला तर आणखी एक टप्पा चढवा. परत आल्यावर एकट्यानं फिरायचं असेल, तर तेवढे टप्पे उतरवायला विसरू नका.